देवरावांच्या आडाचे पाणी

कऱ्हाडहून यवतमाळ जिल्ह्यात निघालेल्या माणसाला आमच्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात: कोण गेले, आणि आपण कोणत्या वर्तमानपत्रात लिहिता. कापसाचे भाव कोसळल्यापासून त्या जिल्ह्याचे नाव आमच्या कानावर केवळ अशुभ बातम्यांतूनच पडते. त्यामुळे विचारणाऱ्यांना दोष देता येत नाही. माझे उत्तर मात्र दोन्ही रकान्यांत बसत नव्हते. मी मैत्रिणीच्या नवऱ्याच्या छातीत साठलेल्या पाण्यासाठी चालले होते, आणि ते पाणी कशामुळे साठले हे कुणालाच ठाऊक नव्हते.

मैत्रीण म्हणजे विमल रामटेके. पुण्यात बी.एड.च्या वर्षी आम्ही वसतिगृहाच्या एका खोलीत राहिलो. पुढे मी कऱ्हाडला शास्त्र शिकवले, तिने राळेगावला मराठी. दोघीही निवृत्त झालो. पत्रव्यवहार तेवढा अजून सेवेत आहे. या वेळच्या पत्रात मोजून चार वाक्ये होती: "यांच्या छातीत पाणी भरले आहे. डॉक्टर दोन नावे घेतात. त्यातले एक आम्ही मोठ्याने घेतो, दुसरे घरात कुणी घेत नाही. तू शास्त्राची आहेस, ये."

पहिले नाव क्षय. दुसरे कर्करोग. मी आरक्षण करून टाकले.

सोमवार, राळेगाव

आगगाडीच्या प्रवासात सांगण्यासारखे काही घडले नाही, म्हणून वाचकाला थेट वर्ध्याला उतरवते. तिथून राळेगावला एस.टी. जाते. दोन्ही बाजूंना काळी जमीन आणि तिच्यावर पांढरी बोंडे. आमच्या कृष्णाकाठी ऊस माणसाला झाकून टाकतो. इथे पीक कमरेइतके, त्यामुळे वेचणाऱ्या बायकांचे धड तेवढे शेतातून सरकताना दिसते. गावाच्या तोंडाशी खरेदी केंद्रापुढे बैलगाड्यांची रांग होती. रांगेने तिथे मुक्कामच ठोकलेला: गाड्यांखाली चुली, चुलीवर भात, आणि एका गाडीवाल्याची तर दाढीसुद्धा तिथेच चाललेली.

मी वहीत टिपण केले. शेजारच्या आसनावरच्या बाईंनी मान वाकवून वही पाहिली आणि विचारले, "कोनत्या टीमच्या तुमी?"

"कोणत्याच नाही. पाहुणी आहे."

"हाव, सारे असंच म्हंतात. मांगच्या हप्त्यात मातीवाले आलते, माती घेऊन गेले. त्याच्या आंधी मनाचे डॉक्टर आलते. माह्या सासूले इचारे, रात्री झोप येते का. सासू म्हने, तुमी गेल्यावर यीन." त्यांनी माझ्या वहीकडे पुन्हा पाहिले. "तुमी काय नेता?"

मी वही मिटली. पण पुढचे पाच दिवस राळेगावात मला कुणी पाहुणी मानले नाही. मी टीमचीच राहिले.

देवराव रामटेके दारात खुर्ची टाकून उजवीकडे कलून बसले होते. वय एकसष्ट, हयात जिनिंगमध्ये फिटर म्हणून गेलेली. कापसापासून सरकी वेगळी करणारी यंत्रे त्यांच्या हाताखाली. मला पाहताच बायकोच्या बहिणीचा मान देऊन म्हणाले, "या साळीबाई." दम घेतला. "लग्नाले नाही आल्या, पन पान्याले आल्या."

त्यांना एका वेळी सहा शब्दांपेक्षा जास्त बोलता येत नव्हते. सातव्याला दम लागे. ही मर्यादा त्यांनी विनोद नेमके करण्यासाठी वापरलेली मला दिसली.

जेवायला तुरीच्या सोल्यांची, म्हणजे ताज्या ओल्या दाण्यांची भाजी, वांग्याचे भरीत आणि ज्वारीची भाकरी होती. आमच्याकडे तिखट चवीपुरते घालतात. इथे चव तिखटापुरती घालतात. दुसऱ्या घासाला मी गुळाचा खडा मागितला. विमलने डबा पुढे केला आणि म्हणाली, "घे. पुन्यातही तू आमटीले चहा समजत होती."

जेवणानंतर मी दिनदर्शिकेच्या पाठीमागे फुप्फुसाची आकृती काढली. फुप्फुसावर एक पातळ आवरण असते; ते दुहेरी असते; दोन पदरांमध्ये नावापुरता ओलावा असतो, म्हणजे श्वास घेताना ते एकमेकांवरून घसरतात. तिथे सूज आली की ओलाव्याचे तळे होते आणि फुप्फुस दबते.

देवरावांनी आकृती पाहिली. "ट्यूब आन टायर. मधात पानी घुसलं."

इतकी वर्षे मी वर्गात हे शिकवले. ट्यूब आणि टायर एकदाही सुचले नाही. मी त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले.

"मंग टीबी असन तर थुंकीत काहून नाही भेटला?" विमलने विचारले. थुंकी तीनदा तपासली होती, तिन्ही वेळा निर्दोष.

"कारण जंतू ट्यूबच्या आत नाहीत, ट्यूबच्या बाहेर आहेत. आणि पाण्यातही ते इतके थोडे असतात की सूक्ष्मदर्शकाखाली बहुधा सापडत नाहीत. वाढवून पाहायचे तर आठवडे लागतात."

नागपुरात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीने, सुजाताने, तिथल्या मोठ्या दवाखान्यात नाव घालून ठेवले होते. इथे निदान झाले नाही, तर आवरणाचा तुकडा काढून पाहणार होते. देवराव विड्या ओढत आले होते. त्यामुळे दुसरे नाव कुणी घेत नसले, तरी ते घरातच होते.

"मी बौद्ध मानूस," देवराव म्हणाले. "नवस बोलत नाही." दम घेतला. "नाहीतर टीबीसाठी बोललो असतो."

मंगळवार, दवाखाना

राळेगावचे डॉक्टर मितभाषी होते. विमलने शास्त्रशिक्षिका म्हणून माझी ओळख करून दिल्यावर त्यांनी माझ्याशी समान पातळीवर बोलायला सुरुवात केली, आणि याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

त्यांचे म्हणणे असे: चोर सापडत नसेल, तर पोलीस किती जमले ते मोजावे. क्षयाच्या जंतूंवर शरीर विशिष्ट पांढऱ्या पेशी पाठवते. त्या पेशी कामाला लागल्या की एक विकर, म्हणजे एन्झाइम, सोडतात. त्याचे नाव लांबलचक आहे. इंग्रजी आद्याक्षरे घेतली तर ए, डी, ए. छातीतल्या पाण्यात ते विकर चाळिसाच्या वर गेले, आणि पेशीही त्याच जातीच्या निघाल्या, तर आपल्या मुलखात संशय क्षयावर जातो. कर्करोगात ते सहसा खालीच राहते. क्वचित इतर आजारांतही वाढते, म्हणून एकट्या आकड्यावर उडी मारायची नाही.

"पण आकडा पाहिजे," ते म्हणाले. "पाण्याची आडा करून आणा."

तिथे ए.डी.ए. कुणी म्हणत नाही. डॉक्टर, कंपाउंडर, औषधवाला, सगळे आडाच म्हणतात. वाचकाने हा उच्चार लक्षात ठेवावा. मी ठेवला नाही.

देवरावांना खुर्चीवर उलटे बसवून, पाठीवर जागा बधिर करून सुई घातली. सुईची त्यांना धास्ती होती. मशिनीच्या पट्ट्यात हात घालणारा हा माणूस डोळे मिटून विमलचा पदर धरून बसला. पाणी निघाले ते पिवळसर, स्वच्छ केलेल्या सरकीच्या तेलासारखे.

"जिंदगीभर सरकी काढली," ते डोळे न उघडता म्हणाले. "आता तेल निघून राह्यलं."

बाटली यवतमाळच्या प्रयोगशाळेत पोचवायचे काम शेजारच्या रशीदभाईंनी अंगावर घेतले. ते विहिरींवरच्या मोटारी दुरुस्त करतात आणि बेअरिंग आणायला यवतमाळला जायचेच होते. कंपाउंडरने बाटलीवर काहीतरी लिहिले. ते मला वाचता येईना. फळ्यावरच्या अक्षराबद्दल तालुक्याचे प्रशस्तिपत्र असलेल्या व्यक्तीला हे पाहवत नाही. मी कागद बदलला आणि 'फुप्फुसावरणातील द्रव' असे लिहायला घेतले.

"मॅडम," रशीदभाई म्हणाले, "इतकं लंबं नाव वाचता वाचता यवतमाळ निघून जाईन. पानी लिहा ना सीधं."

मी सूचना स्वीकारली. शेवटी वळणदार अक्षरात लेबल झाले ते असे: देवराव रामटेके, राळेगाव. नमुना: पाणी. तपासणी: आडा. डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी वाटेत ओली होऊ नये, म्हणून मी ती काळजीपूर्वक माझ्या वहीत ठेवली. वही माझ्या पिशवीत होती, आणि पिशवी माझ्याबरोबर राळेगावात राहिली.

गुरुवार, अहवाल

अहवाल घेऊन रशीदभाई दुपारी आले तेव्हा अंगणात आठ-दहा माणसे जमली होती. विमलने कागद माझ्या हातात दिला. "तू वाच. मले नाही होत."

मी मोठ्याने वाचले. वाचनाची सवय अशी, की पहिले तीन शब्द उच्चारल्याशिवाय चौथ्याचा अर्थ लागत नाही.

"नमुना, आडाचे पाणी. मालक, देवराव रामटेके. रंग पिवळसर. गढूळपणा मर्यादेपेक्षा अधिक. सदर पाणी पिण्यास अयोग्य. आडात ब्लीचिंग पावडर टाकावी. पुढील खेपेस नमुना किमान एक लिटर आणावा."

देवराव खुर्चीतून म्हणाले, "एक लिटर? तेवढं आहे माह्याजवळ."

हसण्याचा जो स्फोट झाला, त्यात पहिला बळी तेच पडले. त्यांना हसताना बरगडीत कळ येई, कळ आली की खोकला, आणि खोकल्यातही हसू. रशीदभाई मात्र कानाच्या पाळ्या धरून उभे होते.

"म्या गेटवर इचारलं, आडाचं पानी हाये, कुठी द्याचं? तो म्हने, टीमचं हाये का? म्या म्हनलं, हाव, बाई वही घेऊनच हायेत." ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुमचं अक्षर लय साफ होतं. एका नजरेत वाचलं त्यानं, अन् सीधं पान्याच्या सरकारी लॅबमंदी धाडलं."

आड म्हणजे अरुंद तोंडाची विहीर, हे मराठी वाचकाला सांगायला नको. सांगायला हवे होते ते मला. आडाचे सामान्यरूप आणि विकराचे आद्याक्षरी नाव सारखेच होते, ही गोष्ट व्याकरणाच्या चुका काढण्यात आयुष्य घालवलेल्या दोन निवृत्त शिक्षिकांच्या नजरेतून सुटली. विहिरींवर काम करणाऱ्या माणसाने त्या शब्दाचा त्याला ठाऊक असलेला एकमेव अर्थ घेतला, तर चूक त्याची नाही. पाण्याच्या सरकारी तपासणीत त्या वर्षांत इतकी तत्परता होती, की दोन दिवसांत उत्तरही आले.

मी हे सारे अंगणात उभी राहून समजावत होते. लोक मन लावून ऐकत होते. विमल ऐकत नव्हती. ती घासलेली भांडी पुन्हा घासत मागच्या दारी बसली होती.

मी जवळ गेले. ती मान वर न करता म्हणाली, "तुमाले हसाले येते. मले दोन दिवस अजून मोजा लागते." पुढचे भांडे ओढून म्हणाली, "अन् त्याले पुन्हा सुई."

मंगळवारी काढलेले उरलेले पाणी दवाखान्यात टाकून दिले होते. दुसरा मार्ग नव्हता.

देवरावांनी सुईची बातमी शांतपणे ऐकली. "काढा. लेबल साळीबाईले लिहू देऊ नका."

शुक्रवार, यवतमाळ

भल्या सकाळी पुन्हा सुई झाली आणि या वेळी बाटली मी स्वतः नेली. शीतपेयांच्या दुकानातून बर्फ आणून तो थर्मासात भरला, त्यात बाटली ठेवली. डॉक्टरांची चिठ्ठी थर्मासालाच चिकटपट्टीने लावली. विमल बरोबर होती. सकाळच्या एस.टी.त जागा मिळाली आणि मी थर्मास मांडीवर घेऊन बसले.

कळंबच्या अलीकडे शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी थर्मासाकडे बोट केले. "बाई, घोटभर पानी द्या."

"यातले देता येत नाही."

वऱ्हाडात पाणी नाकारणे म्हणजे काय असते, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळले. पाहुण्याला आधी पाणी, मग नाव विचारतात, असा तो मुलूख. आमच्याकडे बसमध्ये अनोळखी माणसाने पाणी मागितले, तर आपण आधी बाटलीचे तोंड पुसून पाहतो. गृहस्थ पुढच्या आसनावरच्या माणसाला म्हणाले, "पुन्याकडची दिसते. थंडगार पानी मांडीवर, अन् देत नाही."

"आजोबा, हे पिण्याचे पाणी नाही. हे एका माणसाच्या छातीतले पाणी आहे."

त्यांनी थर्मासाकडे पाहिले, मग माझ्याकडे. "कोनाच्या?"

"हिच्या नवऱ्याच्या."

विमलने मान हलवली आणि आपल्या पिशवीतली पाण्याची बाटली पुढे केली. आजोबांनी तीही घेतली नाही. ते उठले आणि कळंब येईपर्यंत उभेच राहिले.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी चिठ्ठी वाचली, बाटली उजेडात धरली आणि दुपारनंतर या म्हणाल्या. तिसऱ्यांदा 'ए, डी, ए' असे सुटे उच्चारून मी खात्री करून घेऊ लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, "मॅडम, आडाच ना? समजलं."

मधल्या वेळात मी विमलला एका खाणावळीत नेले. पातोडीचा रस्सा आला: बेसनाच्या वड्या लालभडक रश्श्यात. या वेळी मी गूळ मागितला नाही. डोळ्यांतून पाणी काढत सगळे संपवले. विमलने एकच पातोडी फोडली आणि तिचे आणखी आठ तुकडे केले. मी तिला चाळीस या आकड्याचा अर्थ पुन्हा सांगू लागले.

"शालू," ती म्हणाली, "आकडा आल्यावर शिकव. आता नुसती बस."

मी नुसती बसले. ते मला चांगले जमत नाही.

साडेतीनला पॅथॉलॉजिस्ट बाईंनी आम्हांला आत बोलावले. आकडा होता अठ्ठ्याऐंशी. पेशी अपेक्षित जातीच्या. वाईट पेशी दिसल्या नव्हत्या.

"म्हणजे क्षय?" मी विचारले.

"जवळपास क्षयच."

"जवळपास?"

"हे सारं जुळतं, तेव्हा जवळपास नेहमी क्षयच असतो. सरकारी दवाखान्यात औषध सुरू होईल. दोन महिन्यांत पाणी ओसरलं, वजन वाढलं, की उरलेली शंकाही जाईल. आता लगेच तुकडा काढायची गरज दिसत नाही." विमलकडे वळून त्या म्हणाल्या, "ताई, जवळपास शंभर टक्के म्हणा."

जवळपास हा शब्द त्यांनी तीनदा वापरला. मी वहीत तशी नोंद केली. शास्त्राला तो शब्द शोभतो.

विमल बाहेर आली, समोरचा रस्ता ओलांडला आणि फोनच्या बूथमध्ये शिरली. बाहेर पाच-सहा माणसांची रांग होती; ती तिला दिसलीच नाही म्हणा. नागपूरची लाइन लागली, आवाज खरखरत असावा, कारण तीस वर्षे वर्ग गप्प करणारा तिचा आवाज रस्ताभर ऐकू गेला.

"सुजाता, टीबी निघाला वं. हाव, तुह्या बाबाले टीबी. टीबीच."

ती हसत होती आणि पदराने डोळे पुसत होती. रांग एक पाऊल मागे सरकली. बूथवाल्याने समोरची गोळ्यांची उघडी बरणी उचलून टेबलाखाली ठेवली.

मला गप्प राहवेना. मी रांगेकडे वळून सांगितले, की रोगी राळेगावला आहे, या बाई निरोगी आहेत, आणि फुप्फुसाच्या आवरणाचा क्षय सहसा दुसऱ्याला होत नाही. सगळे नीट ऐकत होते. पण 'सहसा' या शब्दाला रांग आणखी दोन पावले मागे गेली. शेवटचा माणूस तर निघूनच गेला.

"घे," विमलने रिसीव्हर माझ्या हातात दिला. "माह्यावर भरोसा नाही तिचा. तू सांग."

तिकडून बारीक आवाजात सुजाता म्हणाली, "मावशी, आई मले धीर द्याले तर म्हणून नाही राह्यली ना? ते नाही ना? नक्की?"

विमल दार धरून माझ्या तोंडाकडे पाहत होती. माझ्या वहीत तो शब्द तीनदा लिहिलेला होता, ठळक अक्षरात, आणि वही हातात उघडीच होती.

"नक्की," मी म्हणाले.